वाराला एक : गोळ्यांच्या हजेरीचं पहिलं वर्ष

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. वय ४७. थायरॉइडची गोळी २०१७ पासून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली सहा वर्षं मी ती आठवड्यातून चार-पाच दिवसच घेत होते. चुकली तरी काही होत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. मग आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) झाला, एका गोळीच्या सहा झाल्या आणि चुकणं महागात पडायला लागलं. मला सुरुवातीला हे सगळं नीट सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून लिहितेय. औषधांचे डोस माझे आहेत, माझ्या डॉक्टरांनी ठरवलेले. ते कुणी उचलू नयेत.

२०२३ च्या दिवाळीनंतर सकाळी बोटं वळेनाशी झाली. तासभर तरी मूठ मिटत नसे. भाकरी थापताना हात लाकडाचा वाटायचा, फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. पोरं हसायची, मीही हसायचे. आमच्याकडे सांधे धरले की पहिलं नाव निघतं चिकनगुनियाचं. तेल चोळून झालं, एरंडाची पानं बांधून झाली, मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या दोन महिने खाऊन झाल्या. जानेवारीत खानापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, बेळगावला जाऊन सांध्यांच्या स्पेशालिस्टना दाखवा.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. शनिवारी शाळा सकाळची, पण नंबर लावायला नऊलाच पोचायचं होतं, म्हणून रजा टाकली. बसचा खर्च शून्य. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर झिरो तिकीट देतो. फक्त कार्ड विसरायचं नाही, आणि बस भरलेली असते हे गृहीत धरायचं. गणेबैल, देसूर, पिरनवाडी करत उभ्यानंच गेले. गुडघे दुखत असताना तो तास फार मोठा होता. दवाखान्यात साडेतीन तास बसले. फी ७०० रुपये. तपासण्यांचे ४,३०० झाले. आमवाताची अँटी-सीसीपी तपासणी होतीच, शिवाय लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे. एवढं कशाला म्हणून मी जरा कुरकुरले. डॉक्टर म्हणाले, जे औषध सुरू करायचं आहे ते लिव्हरवर आणि रक्तावर लक्ष ठेवूनच द्यावं लागतं.

गावात सगळे म्हणाले, कार्डावर होईल की. आमच्या भागात हा एक वेगळाच गोंधळ आहे. इकडे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, तिकडे महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना. मी दोन्हीकडे चौकशी केली, त्यात दोन दुपारी गेल्या. या योजना मुख्यतः ॲडमिट होण्यासाठी, ऑपरेशनसाठी. माझ्यासारखीनं महिन्याला खायच्या गोळ्या खिशातूनच. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला फुकट मिळतात. तुमच्या घरात बीपी-साखर असेल तर आधी तिथं नाव घाला.

१० फेब्रुवारीला रिपोर्ट घेऊन परत गेले. आमवातच. हातात जी चिठ्ठी आली ती अशी: थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, सकाळी नाश्त्यानंतर, काही महिने, हळूहळू कमी करत. कॅल्शियम दुपारी, कारण थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तास लांब ठेवायचं असतं. एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आमवाताचीच गोळी) रात्री जेवणानंतर. आणि आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून फक्त एकदा. त्याचे त्रास कमी व्हावेत म्हणून फॉलिक ॲसिड, माझ्यासाठी रविवारी आणि सोमवारी.

मेथोट्रेक्सेटचा वार तुम्हीच ठरवा, पण एकदा ठरवला की बदलू नका, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मळमळ होऊ शकते म्हणून मी शनिवारची रात्र ठरवली, म्हणजे रविवारी पडून राहता येईल. चिठ्ठीवर त्यांनी लाल पेनानं 'शनिवार' असं मराठीत लिहिलं आणि भोवती दोनदा गोल काढला. मला ते जरा जास्तच वाटलं. खाली मेडिकलमध्ये गेले तर काउंटरवरच्या पोरानं पाकिटावर सरळ लिहून दिलं, रोज एक. तेव्हा तो लाल गोल काय कामाचा आहे ते कळलं. ही गोळी रोज घेतली तर रक्तातल्या पेशी खाली येतात, तोंड सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. मी पाकीट परत केलं, त्यानं खोडून दुरुस्त केलं, सॉरीही म्हणाला. दुकानात गर्दी होती. त्याच्यावर चिडायला माझ्यात त्राण नव्हतं.

पण त्याच दिवशी वर बाकावर जे झालं ते मी विसरणार नाही. माझ्या शेजारी चंदगडी वळणाचं मराठी बोलणारी एक आजी होती, सत्तरीची, बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा नातू. तिलाही हीच गोळी. कंपाउंडरबाई कानडी. तिनं नीट, सावकाश सांगितलं, "वारक्क ओंद सल, अज्जी." आजीनं मान डोलावली आणि नातवाला म्हणाली, "वाराला एक गा. सोमवारी एक, मंगळवारी एक."

कानडीत वार म्हणजे आठवडा. मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार. दोघींनी एकच शब्द वापरला, दोघींचं समाधान झालं, आणि आजी सात दिवसांत सात गोळ्या खायला निघाली होती. मी मध्ये पडले. कंपाउंडरबाईंनी कपाळाला हात लावला. आजीला म्हटलं, तुमच्या गावचा बाजार कधी असतो? म्हणाली, बुधवारी. मग बाजार करून आलात की रात्री घ्यायची, दुसऱ्या बाजारापर्यंत हात लावायचा नाही. "मंग असं सांगायचं की," असं म्हणून ती नातवाचा हात धरून उठली.

आम्ही सीमाभागातली माणसं दोन्ही भाषा येतात म्हणून निर्धास्त असतो. औषधाच्या बाबतीत मात्र एक करा: काय ऐकलं ते आपल्या शब्दांत, दिवसाच्या नावासकट, सांगणाऱ्याला परत सांगा.

तर सुरुवात झाली. मी मोबाइलवर पाच गजर लावले. पहिला आठवडा झकास. दुसऱ्या आठवड्यात हात आपोआप गजर बंद करायला लागला. भात उतरवताना गजर वाजला की बंद करायचा, उतरवून झाल्यावर घेऊ म्हणायचं, आणि झालं. शाळेत तर मोबाइल पर्समध्ये, पर्स कपाटात. गजर आठवण करून देतो, पण त्या क्षणी गोळी आणि पाणी हाताशी नसेल तर ती आठवण फुकट जाते.

आणखी एक अडचण मनाची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे दोन-तीन महिने मळमळ आज आणि गुण कधीतरी. रविवारी सकाळी पोहे समोर आले तरी उमळायचं. सासूबाई म्हणायच्या, "कशाला गे सारख्या गोळ्या खाऊलालीस? गोळ्यांनीच पोट बिघडलंय तुझं." त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. ज्या गोळीनं बरं वाटत नाही ती विसरायला मन टपलेलंच असतं.

मार्चअखेर तपासणी केली तर टीएसएच ९ च्या वर, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरत नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी विचारलं, गोळी कशी घेता ते सांगा. मी सांगितलं: सकाळची धांदल, म्हणून थायरॉइड, कॅल्शियम आणि प्रेडनिसोलोन एकदमच, चहाबरोबर. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, डोस वाढवत नाही, वेळ बदला. कॅल्शियम पोटात असलं की ती गोळी नीट अंगाला लागत नाही. त्या रात्रीपासून थायरॉइडची बाटली मोरीच्या खिडकीत, ब्रशच्या डब्याशेजारी ठेवली. पुढं पावसाळ्यात ती जागा बदलावी लागली. आमच्याकडच्या दमटपणात गोळ्यांना पाणी सुटतं, म्हणून ब्रशच उचलून कपाटात बाटलीशेजारी नेला. उरलेल्या गोळ्याही पाकिटातून काढून उघड्या डब्यात घालू नका.

मग निवडणूक आली. ७ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. बेळगाव जिल्ह्यात असलो तरी खानापूरकर मत देतात उत्तर कन्नड मतदारसंघात. ६ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. मी बॅगेत साडी, टॉवेल, बिस्किटं, यादी, टॉर्च सगळं भरलं. गोळ्यांची पिशवी टेबलावर राहिली. दोन दिवस काहीच नाही, प्रेडनिसोलोनही नाही. ही गोळी मनानं एकदम थांबवायची नसते, कारण बाहेरून मिळते म्हणून शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. ८ तारखेला सकाळी मला उठून बसवावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक पर्समध्ये दोन दिवसांच्या गोळ्यांची एक छोटी डबी असते, आत कागदावर गोळ्यांची नावं आणि डॉक्टरांचा नंबर. मेथोट्रेक्सेट त्या डबीत कधीच नाही.

खरी चूक त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी झाली. शनिवार १८ मे, नंदगडला नणंदेच्या नातवाचं बारसं. रात्री उशीर होईल म्हणून मी शनिवारची गोळी दुपारीच घेतली. नंतर नाव ठेवणं, घुगऱ्या, गप्पा. रविवारी सकाळी घरी येऊन पाहते तर लाल गोलवाली चिठ्ठी फ्रीजवर. घेतली का काल? आठवेना. दरवेळी रात्री घेते, आणि काल रात्री तर नव्हती घेतली. म्हणून घेतली. अर्ध्या तासानं पर्स रिकामी करताना कागदात गुंडाळलेलं रिकामं पाकीट सापडलं.

इतके दिवस मी गोळी घ्यायची आठवण कशी राहील याच्या मागे होते. पण फसवणारा प्रश्न दुसराच आहे: घेतली की नाही? रोज तेच केलेलं काम डोक्यात वेगळं उरतच नाही. कालची गोळी, परवाची गोळी, सगळ्यांचं एकच चित्र. गॅस बंद केला का, हा प्रश्न आपल्याला पडतो तसंच. त्यात मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड माझ्याकडच्या दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान, गोल.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सोमवारी रक्त द्यायला सांगितलं आणि पुढच्या शनिवारची गोळी घेऊ नका म्हणाले. पाणी भरपूर प्या, ताप आला किंवा तोंड आलं तर लगेच या. २० मे ला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हर केलं, ६५० रुपये. रिपोर्ट थोडक्यात निभावला. तोंडात मात्र चार दिवस फोड होते, आमटीसुद्धा गार करून पीत होते. घरात कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं मला जास्त लागलं. मी शिक्षिका, दर सोमवारी साठ पोरांना लोह-फॉलिकची गोळी वाटते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. जंताची गोळी तर समोर चावून खाल्ली की नाही ते बघते. नावापुढं खूण केल्याशिवाय एकाला बाकावरून उठू देत नाही. आणि माझी स्वतःची खूण कुठं होती?

१ जूनला शाळेच्या कपाटातलं, विकत आणलेल्यांतलं एक कोरं हजेरीपुस्तक घरी नेलं. मुलांच्या नावांच्या जागी गोळ्यांची नावं लिहिली: थायरॉइड, प्रेड, कॅल्शियम, एचसीक्यू, फॉलिक, शनिवार. समोर १ ते ३१ तारखा. घेतली की 'ह'. नाही घेतली तर 'गै'. लागू नाही त्या चौकटीत आधीच आडवी रेघ. 'शनिवार' नावाच्या ओळीत महिन्याला चार किंवा पाचच चौकटी मोकळ्या, बाकी सगळ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीच लाल पेनानं बंद. बंद चौकट असेल तर गोळीला हात नाही. मेथोट्रेक्सेटचं पाकीट त्या वहीच्या कव्हरच्या खिशात, म्हणजे वही उघडल्याशिवाय गोळी मिळतच नाही.

नियम एकच ठरवला. आधी गोळी तोंडात, मग पाणी, मग 'ह'. आधी खूण करून ठेवायची नाही. मी हा नियम दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा खूण झाली, गोळी राहून गेली. वर्गातही खोटी हजेरी अशीच लागते.

गोळ्या घड्याळाला बांधण्यापेक्षा कामाला बांधल्या. थायरॉइड ब्रशला. प्रेड नाश्त्याच्या ताटलीला. कॅल्शियम शाळेच्या दुपारच्या आहाराला. पोरं ताटं घेऊन बसली की माझी बाटली उघडते. चौथीतली एक पोर तर आता विचारते, "बाई, तुमची खडूची गोळी?" सोमवारची फॉलिक पोरांच्या गोळीबरोबर. एचसीक्यू रात्री देवापुढचा दिवा शांत झाल्यावर भांडी घासायच्या आधी. कारण भांड्यांनंतर मी कुणाचीच नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी नळाखाली हात धुतले आणि रुमाल पिळला. पिळून झाल्यावर लक्षात आलं की पिळला. चार महिने लागले. पण ज्या आठवड्यात बरं वाटलं त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन 'गै' पडले. दुखणं हीसुद्धा एक आठवणच होती, ती गेली.

जुलैअखेर पावसानं शाळांना सुट्ट्या लागल्या, कणकुंबीकडचे रस्ते बंद, मोबाइलला रेंज नाही, वीज दोन-दोन दिवस गायब. मेडिकलमध्ये माझी एचसीक्यू संपलेली. सहा दिवस गैरहजर. मी घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अंगात बरेच दिवस टिकून राहते, सहा दिवसांनी फार बिघडत नाही, पण सवय करू नका. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांचा साठा जादा असतो, आणि पाकिटात दहा गोळ्या उरल्या की वहीत 'आणणे' लिहिते. महिन्याचा खर्च साधारण ८०० होता. फॉलिक आणि कॅल्शियम जनऔषधीत घ्यायला लागल्यावर ६५० च्या आसपास आला. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर ठेवाच. जुनी चिठ्ठी पाहून दुकानदार द्यायला कुरकुर करतो, म्हणून दर भेटीला नवी तारीख घालून घ्या.

ऑगस्टमध्ये प्रेडनिसोलोन डॉक्टरांनी पूर्ण बंद केली. त्या ओळीवर मी स्वतः रेघ मारली, पटावरून नाव कमी केल्यासारखी. एचसीक्यूसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा झाली होती. ती पुढंही ठरल्याप्रमाणे करत राहायची आहे.

१० फेब्रुवारी २०२५ ला वर्ष झालं. शाळेच्या सवयीप्रमाणे बेरीज केली. पट जूनपासूनचा, म्हणून आठ महिन्यांचा हिशेब. एकूण ४१ 'गै'. शनिवारची एकही नाही, दुबारही नाही. गंमत म्हणजे ४१ पैकी २९ सुट्टीच्या दिवशी: रविवार, गणपती, दसऱ्याची सुट्टी, पावसाच्या सुट्ट्या. मला वाटायचं कामाच्या धबडग्यात मी विसरते. शाळा असते त्या दिवशी सगळ्या गोळ्या आपापल्या जागी उभ्या असतात. सुट्टीला ब्रश उशिरा, नाश्ता कधीही, दुपारचं ताट तीनला. म्हणून आता रविवारची कॅल्शियम सासूबाईंच्या बीपीच्या गोळीशी जोडली आहे. त्यांची आशाताईंनी सांगितलेली वेळ पक्की असते. त्याच हाक मारतात, "घेटलीस काय गे?" आणि मी म्हणते, "आत्ती, तुम्ही?"

त्यांचं नावही मी पटावर घातलंय, सगळ्यात खाली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या चौकटीत कुंकवाचं बोट टेकवतात. मागच्या महिन्याचं पान त्यामुळं माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त भरलेलं दिसतंय.